व्यवसाय कर आणि अर्धवेळ रुग्णसेवक

शिरूर व दौंड तालुक्यांतील अनेक वैद्यबंधू-भगिनी आपल्या रुग्णांच्या घरी अभ्यंग, स्वेदन व शुश्रूषा यांसाठी अर्धवेळ रुग्णसेवक सुचवितात; काही जण चिकित्सालयातही ठेवतात. अशा वेळी राज्याचा व्यवसाय कर कोणी व किती भरावयाचा, यासंबंधीचे नियम आम्ही येथे संक्षेपाने मांडीत आहोत.

कराचे स्वरूप

हा कर १९७५ च्या महाराष्ट्र अधिनियमान्वये आकारला जातो व त्याचे उत्पन्न रोजगार हमी योजनेसाठी योजिलेले आहे. आयकर केंद्राचा, हा राज्याचा. एक भरला म्हणून दुसरा टळत नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. १९८८ पूर्वी ही मर्यादा २५० रुपये होती.

दोन प्रमाणपत्रे

स्वतःच्या व्यवसायासाठी ‘नावनोंदणी’ आणि वेतन देणाऱ्या मालकासाठी ‘नोंदणी’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय व्यावसायिकास वार्षिक २,५०० रुपये कर आहे. तो सर्वसाधारणपणे ३० जूनपर्यंत भरावा. सकाळी शिरूरला व सायंकाळी दौंडला बसणाऱ्या किंवा चिकित्सालयासोबत औषधालय चालविणाऱ्या वैद्यास हा कर दोनदा लागत नाही.

रुग्णसेवक कोणत्या वर्गात?

१. *नियमित वेतनावर* : तास कमी असले तरी वेतन नियमित असेल, तर तो कर्मचारीच होय. पुरुषास मासिक ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. १०,००० पर्यंत दरमहा १७५ रुपये. त्यापुढे दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून मासिक २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. उदाहरणार्थ, ९,००० वेतनाच्या पुरुष सेवकाचा वार्षिक कर २,१०० रुपये होतो. तितक्याच वेतनाच्या सेविकेचा शून्य. कपात करण्यास मालक विसरला तरी भरण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

२. *नैमित्तिक मजुरीवर* : कधीतरी बोलावून त्या दिवसाचे पैसे घेणारी व्यक्ती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे.

३. *स्वतंत्र व्यवसाय* : अनेक घरांतून स्वतःच्या जबाबदारीवर शुल्क घेणाऱ्यांनी अनुसूचीतील आपली नोंद कर सल्लागाराकडून तपासून घ्यावी. २५,००० रुपयांची सूट वेतनधारक स्त्रियांसाठी आहे. स्वतंत्र व्यवसायास ती लागू नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

सूट

वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांस, कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असलेल्यांस, तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या पालकांस अधिनियमाच्या अटींनुसार करमाफी आहे. घरी अपत्याची काळजी घेत बाहेर शुश्रूषा करणाऱ्या अनेक माता-पित्यांना ही तरतूद ठाऊक नसते. ती त्यांच्या कानी घालणे हे आपले कर्तव्य होय.

सूचना

विलंब झाल्यास व्याज व दंड लागतो. म्हणून प्रत्येक सेवकाचे काम नियमित की नैमित्तिक, हे आरंभीच लिहून ठेवावे, वेतनाची पावती घ्यावी आणि चलने जपून ठेवावीत. केवळ कर टाळण्यासाठी नियमित सेवकास ‘नैमित्तिक’ दाखविणे तपासणीत टिकत नाही. शिवाय आपल्या नोकरीचा लेखी पुरावा त्या गरीब सेवकाच्या हातून जातो, तो निराळाच. नोंदणी व भरणा राज्य वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो.