बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांतील ईश्वरी मार्गदर्शनाची कल्पना

१

संतचरित्रांतून ईश्वरनिष्ठेचे जे रूप वाचकांच्या परिचयाचे झाले आहे, त्याची घडण बहुधा ठरावीक असते. भक्तावर संकट येते, तो देवाचा धावा करतो, देव संकट निवारतो आणि निंदक ओशाळतात. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) ही घडण वारंवार आढळते. चरित्रकाराला शेवट आधीच ठाऊक असल्याने संकटाचा काळ तेथे कसोटीपुरता उरतो. संत स्वतःच आपली कथा सांगू लागतो तेव्हा मात्र या काळाला स्वतंत्र वजन येते. तुकारामशिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे आत्मचरित्रपर अभंग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. या अभंगांत ईश्वरी मार्गदर्शन ही संकटाच्या वेळी दिसणारी वाट नसून मागाहून, कथनाच्या ओघात उलगडणारी संगती आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळील देवगाव येथे झाला. वडील आऊजी गावचे कुलकर्णी होते. बालवयातच त्यांचे लग्न वयाने बरेच मोठे असलेल्या बिजवराशी लावून देण्यात आले. पुढे आपत्तीमुळे या कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी मजल दरमजल करीत ते कोल्हापुरास पोहोचले. या प्रवासाचे कथन साध्या क्रमाने येते. घटना घडत असताना त्यांमागे काही योजना असल्याची जाणीव कथनकर्त्री त्या बालिकेच्या मनात घालीत नाही. पंढरपूर वाटेत लागते, परंतु ते अद्याप मुक्कामाचे एक ठिकाण आहे.

कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांचा आणि त्यांतून ऐकलेल्या तुकारामांच्या अभंगांचा संस्कार त्यांच्यावर झाला. याच काळातील वासराचा प्रसंग प्रसिद्ध आहे. दान मिळालेल्या गाईचे वासरू बहिणाबाईंचा पिच्छा सोडीना. ते कीर्तनालाही त्यांच्यासोबत जाई. जयरामस्वामींनी या मुलीचे कौतुक केले, गावात बोलबाला झाला आणि पतीचा संताप अनावर झाला. त्याने केलेली मारहाण बहिणाबाईंनी आडपडद्याशिवाय नोंदविली आहे. भक्तीची पहिली खूण आणि पहिला मार अशा रीतीने एकाच प्रसंगात येतात. संकटातून भक्ती सोडवते, हा चरित्रग्रंथांतील क्रम येथे उलटा होतो. भक्तीमुळेच संकट ओढवते.

३

वासराच्या मृत्यूनंतर बहिणाबाईंना स्वप्नात तुकारामांचे दर्शन व उपदेश लाभला. ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू मानावे, हे वैदिकवृत्तीच्या पतीला असह्य झाले आणि त्याने गर्भवती पत्नीला सोडून जाण्याचे ठरविले. संपूर्ण आत्मकथनातील सर्वांत बिकट स्थळ हेच होय. ज्या कृपेने वाट दाखवावी तिनेच दोन वाटा समोर ठेवल्या आणि त्या परस्परविरोधी होत्या. बहिणाबाई येथे देवाशी वाद घालतात, पूर्वकर्माला दोष देतात, स्त्रीदेहाच्या पराधीनतेबद्दल खंत व्यक्त करतात आणि अखेर पतिसेवेच्या बाजूने कौल देतात. पती दूर गेल्यास विठ्ठल आणि स्वप्नातले गुरू घेऊन काय करावे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पारंपरिक भक्तिकाव्याच्या वाचकाला चकित करणारे आहेत.

यानंतर जे घडते त्याची रचना लक्षणीय आहे. पती आजारी पडतो, बहिणाबाई त्याची शुश्रूषा करतात आणि एका वृद्ध ब्राह्मणाच्या बोलण्याने पतीच्या मनात पालट होतो. पुढे तोच कुटुंबासह देहूस जाण्यास सिद्ध होतो. मार्गदर्शन येथे बहिणाबाईंना मिळत नाही, ते पतीला मिळते. ज्या दारातून त्यांना बाहेर पडता येत नव्हते ते दार दुसऱ्याच्या हातून उघडते. त्यांचा वाटा आहे तो त्या काळात टिकून राहण्याचा.

देहूस पोहोचल्यानंतरही शांतता लाभत नाही. मंबाजी गोसाव्याचा जाच तेथे सुरू होतो आणि बहिणाबाई त्या वैराच्या समकालीन साक्षीदार ठरतात. दिशा गवसली म्हणून वाट सुकर होत नाही, हे या भागातून सूचित होते.

४

या अभंगांचे अर्थ लावताना अभ्यासकांपुढे एक अडचण उभी राहते. ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ मधील आपल्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांतील ताणाची चर्चा केली आहे. तो ताण विचारात न घेता पतीचे परिवर्तन हे सोसण्याचे फळ मानल्यास मारहाणीलाही ईश्वरी योजनेत जागा द्यावी लागते. उलट, पतिसेवेचा निर्णय ही निव्वळ शरणागती मानल्यास बहिणाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धार्थाकडे दुर्लक्ष होते. यातून वाट काढण्यासाठी घटनांचा काळ आणि कथनाचा काळ वेगळे करावे लागतात. घटनांच्या काळात प्रश्न, भय आणि तक्रार आहे; संगती आहे ती कथनाच्या काळात. उत्तरायुष्यात आपली कथा सांगताना बहिणाबाईंनी पूर्वीचे प्रश्न पुसून टाकले नाहीत, ही त्यांच्या निष्ठेची आणि प्रामाणिकपणाचीही खूण मानली पाहिजे.

अंतकाळी पुत्र विठोबा याला त्यांनी आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितल्याचे अभंगांत येते. विद्यमान जन्म हा तेरावा. या जन्मकथांमुळे एका आयुष्यात न जुळणारे धागे दीर्घ पटावर जुळविता येतात. कथनातून संगती शोधण्याच्या त्यांच्या वृत्तीचाच हा विस्तार होय.

५

बहिणाबाईंच्या ठायी ईश्वरावरील विश्वास म्हणजे पुढचे दिसण्याची खात्री नव्हे. पुढचे दिसत नसताना देवाशी बोलणे चालू ठेवणे आणि मागे वळून पाहताना झालेल्या वेदनेसह त्या वाटेला आपली म्हणणे, असे त्याचे दुहेरी रूप आहे. वर्गात हे अभंग 'भक्तीला फळ आले' या सूत्राने शिकविले जातात तेव्हा यातला दुसरा अंश उरतो, पहिला निसटतो. निष्ठेचे मोल मात्र त्या पहिल्या अंशातच ठरलेले असते.