टाके शंभर, कामाचा एकच

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिला क्विल्ट शिवायचा नाद लागलाय. घरात शंभरेक टाक्यांचं नवं मशीन असताना तिनं जुनं, काळं, सरळ टाक्याचं छोटं सिंगर विकत घेतलं आणि म्हणते, हेच बरं! असं का? आणि मला घरी गोधडी शिवायची तर स्वस्तातलं कुठलं मशीन घ्यावं?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, मुलगी विचार करूनच बोलतेय. तिनं घेतलं ते बहुधा सिंगरचं २२१, म्हणजे ‘फेदरवेट’ असावं. १९३३ साली ते बाजारात आलं. ॲल्युमिनियमची बॉडी, वजन जेमतेम पाच किलो. पेटीत घातलं की उचलून कुठंही नेता येतं. ते बनायचं थांबून अर्धशतक उलटलं, तरी क्विल्ट करणाऱ्या बायका ते हुडकून, दुरुस्त करून वापरतात.

क्विल्टचं पहिलं मोठं काम म्हणजे तुकडे जोडणं. त्याला सरळ टाक्याखेरीज काही लागत नाही, पण तो नेमका पडावा लागतो. क्विल्टची शिवण पाव इंचाची. ब्लाउज शिवताना ती मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तर खपून जातं. इथं एका ओळीत आठ तुकडे असले की शिवणी सात. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांतून एकेक मिलिमीटर जादा गेला, तर ओळ १४ मिलिमीटर आखूड होते. मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळवताना ओढाताण सुरू. म्हणून बायका फुलापानांचे टाके मोजत नाहीत. पाव इंचाचा फूट मिळतो का आणि मशीन हळू चालवता येतं का, ते आधी विचारतात.

दुसरं कारण प्लेटमधलं भोक. झिगझॅग मशीनच्या प्लेटला सुईसाठी आडवी फट असते, कारण सुई डावी-उजवीकडे हलते. त्रिकोणी तुकड्याचं टोक सुईखाली धरलं की ते त्या फटीत ओढलं जातं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. सरळ टाक्याच्या मशीनला सुईपुरतं बारीक गोल भोक असतं, टोक आत जायला वावच नाही. नव्या मशीनवरही तोडगा आहे : आधी चिंधीवर चार टाके घालायचे आणि दोरा न तोडता तुकडा तिच्या मागोमाग सरकवायचा.

तुकडे जोडून झाले की क्विल्टचे थर एकत्र शिवायचे असतात. तिथं मात्र फेदरवेटचं कौतुक आवरतं घ्यावं लागतं. सुईच्या उजवीकडची जागा त्यात अगदी अरुंद. डबल बेडचा क्विल्ट गुंडाळून तिथं कोंबणं म्हणजे कुस्तीच. शिवाय मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं फुटाखाली घासत मागं राहतं, आणि चुण्या पडतात. त्यावर ‘वॉकिंग फूट’ मिळतो. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचा थरही सोबत सरकतो. हाताने फिरवून वेलबुट्टी काढायची तर दाते खाली घेता यायला हवेत. तसं होत नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवूनही भागतं.

आता तुमची गोधडी. आपल्याकडे ती धावदोऱ्याची, हाताने घातलेली. आत जुनी लुगडी, धोतरं. इतके थर साध्या घरगुती मशीनवर रेटू नका : सुई मोडेल, टाका सुटेल. वरची ठिगळं मशीनवर जोडा, दोरे हाताने घाला. वेळ वाचतो आणि मऊपणाही राहतो. मशीनवरच पुरी करायची असेल तर आत एकच पातळ थर ठेवा.

या कामाला आपलं काळं पायमशीन उत्तम. पायाखाली वेग राहतो, एकेक टाका घालून थांबता येतं, आणि दुरुस्तीला माणूस गावात मिळतो. घरात सासूबाईंचं पडून असेल तर आधी तेच तेलपाणी करून बघा. नाहीतर जुनं घ्या. मात्र रंग आणि पॉलिशवर भाळू नका. चाक हाताने फिरवा, ते अडखळता कामा नये. सुती तुकड्यांना १४ नंबरची सुई, थरांना १६ ची. बोथट सुईचा दोष मशीनवर ढकलू नका. थरांचं कापड फुटाखाली सहज जातं का, बॉबिन आणि बॉबिन केस तुमच्या बाजारात मिळतात का, तेही विचारून ठेवा.

दुकानात जाताना घरच्या सुती कापडाचे दोन तुकडे आणि गोधडीइतक्या जाडीचा एक नमुना बरोबर न्या. दोन्हींवर वीतभर शिवून बघा आणि कापड उलटून खालचा टाका तपासा. वर-खाली सारखा पडत असेल तरच पैसे द्या.