टीपॉयवरचा उन्हाळा : सुट्टीतली एक आरास आणि तिच्यातला अभ्यास



मागच्या मार्चमध्ये चौथीच्या वर्गाला मी 'आमची बैठकीची खोली' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. टीव्ही, सोफा, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, बहुतेकांच्या वहीत हेच. एकाने मात्र लिहिलं होतं, 'आमच्या हॉलमध्ये काचेचा टीपॉय आहे. त्यावर काचेचा हंस आहे. त्याला हात लावायचा नाही. पाहुणे आले की मी आत बसतो.' ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आणि वही बाजूला ठेवली. संध्याकाळी घरी आले तर माझी मुलगी टीपॉयवर चिंचोके मांडून बसलेली. मी दारातूनच ओरडले, "उचल ते सगळं! ओरखडे पडतील." शब्द तोंडातून गेले आणि त्या मुलाची वही आठवली.

त्या उन्हाळ्यात आम्ही घरी जे केलं आणि वर्गाला सुट्टीचा उपक्रम म्हणून जे दिलं, ते इथे मांडते आहे. विषय साधाच आहे, दिवाणखान्यातल्या टीपॉयची उन्हाळी मांडणी. पण एक गोष्ट करून बघा. घरातला टेप घ्या आणि मुलांना फर्निचरची उंची मोजायला सांगा. आमचा ओटा ३३ इंच, जेवणाचं टेबल ३० इंच, टीपॉय १७ इंच. म्हणजे चार-पाच वर्षांचं मूल समोर उभं राहिलं किंवा दहा वर्षांचं मूल जमिनीवर मांडी घालून बसलं, तर ज्याच्यावर त्याचे हात आरामात पोचतात असं घरात हे एकच टेबल. आणि नेमकं तेच आपण पाहुण्यांसाठी राखून ठेवतो!

आधी नाव

टीपॉय हा शब्द इंग्रजी वाटतो, कारण त्यात 'टी' ऐकू येतो. मुलांना विचारलं की तीही सांगतात, चहा ठेवतात म्हणून टीपॉय. प्रत्यक्षात तो आपल्याकडूनच गेलेला शब्द आहे. तीन पायांची ती तिपाई. इंग्रजांनी हिंदुस्थानात तो शब्द उचलला, चहाच्या 'टी'शी जुळवून त्याचं स्पेलिंग केलं आणि चार पायांच्या टेबलासकट तो आपल्याला परत दिला. मराठीत तिचीच बहीण आहे तिवई, जिच्यावर आजी माठ ठेवायची ती. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तिवई पाहिली होती, पण त्यातले 'तीन' कुणाला दिसले नव्हते. तिजोरीत तीन आहे का, असं लगेच एकीने विचारलं. नाही, तो वेगळा शब्द आहे. पण प्रश्न चांगला होता.

'स्टायलिंग' म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपल्याकडे त्यासाठी आरास हा शब्द आहे. चैत्रातल्या गौरीपुढे अक्षय तृतीयेपर्यंत केव्हाही हळदीकुंकू करतात, तेव्हा पायऱ्यापायऱ्यांवर मांडतात ती आरास. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड, मोगरा, वाळ्याचा वास. माझ्या आईकडे खेळणीसुद्धा मांडत. बारकाईने पाहिलं तर त्या आराशीत बाजारातून मुद्दाम आणलेलं फार कमी आणि त्या महिन्यात परसात, रानात नि मंडईत मिळणारं जास्त. टीपॉयच्या मांडणीसाठी मला याहून चांगला नमुना माहीत नाही.

रिकामं करणं

पहिला दिवस फक्त उचलण्याचा. रिमोट, जुनी वर्तमानपत्रं, चार्जर, प्लॅस्टिकची फुलं, गेल्या दिवाळीचा मेणबत्तीचा स्टँड. खाली अंथरलेलं प्लॅस्टिकचं कव्हरही काढा, उन्हाळ्यात ते हाताला चिकटतं. त्याऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा खादीचा पंचा. पांढरा किंवा फिका रंग असेल तर बरं. पण मुलांना खोटं विज्ञान सांगू नये. पांढऱ्या कापडाने बंद खोलीचं तापमान कमी होत नाही, फक्त डोळ्याला निवांत वाटतं. बाहेर उन्हात पांढरा आणि काळा कपडा यांत फरक पडतो, तो प्रयोग गच्चीवर करावा.

टेबलाचा साधारण एक तृतीयांश भाग रिकामाच ठेवायचा. चहाचा ट्रे तिथे टेकला पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत घरातली मोठी माणसं वैतागून सगळं उचलून ठेवतात (आमच्याकडे हे झालं आहे). उरलेल्या भागात तीनच गोष्टी ठेवायच्या, एक उंच, एक मध्यम आणि एक पसरट. उंच वस्तू फुटाच्या आतली असावी, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसतात. मांडून झालं की मुलाला आधी सोफ्यावरून आणि मग जमिनीवर बसून बघायला सांगा. दोन्हीकडून वेगळं दिसतं. चित्रकलेच्या तासाला ज्याला आपण दृष्टिकोन म्हणतो, तो इथे फळ्याशिवाय कळतो.

मडक्याचा प्रयोग

आमची मध्यम वस्तू म्हणजे मडकं, आणि सगळ्यात जास्त शिकवलं त्यानेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुंभाराकडून लिटरभर पाणी मावेल असं लहान, रंग न दिलेलं मडकं आणलं. नवं मडकं एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. मग त्यात लिटरभर पाणी भरलं, आणि तेवढंच नळाचं पाणी स्टीलच्या तांब्यात. दोन्ही टीपॉयवर शेजारी शेजारी. मडकं आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं. दुपारी चार तासांनी मुलीने दोन्हीत बोट बुडवलं. मडक्यातलं पाणी गार, तांब्यातलं कोमट. वजन केलं तर मडकं ५०-६० ग्रॅमने हलकं!

हे पाणी गेलं कुठे? मडक्याच्या बारीक छिद्रांतून ते बाहेरच्या बाजूला पाझरलं आणि त्याची वाफ झाली. वाफ व्हायला उष्णता लागते, ती मडक्यातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, हवा कोरडी असते, त्यामुळे हे काम झपाट्याने होतं. मुंबईत किंवा कोकणात हवेत आधीच इतकी वाफ असते की माठ तेवढा गार होत नाही. सुट्टीत मामाच्या गावी जाणाऱ्या मुलांना हाच प्रयोग तिथे करायला सांगा आणि शाळा उघडल्यावर आकडे शेजारी शेजारी लिहा.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी पुढची पायरी. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. ६० ग्रॅमला सुमारे ३५ हजार कॅलरी. एक लिटर पाणी एक अंश थंड करायला १००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे हिशेबाने पाणी ३५ अंशांनी उतरायला हवं! शेजारचा सातवीतला मुलगा हा हिशेब करून माझ्याकडे आला, "मॅडम, मग बर्फ का नाही झाला?" अशा वेळी उत्तर लगेच देऊ नये असं माझं मत आहे. त्याने दोन दिवस घेतले. खोलीतली गरम हवा मडक्याला सारखी उष्णता देत असते, वाफेला लागणारी बरीचशी उष्णता तिथूनच येते. शिवाय पाणी जसजसं गार होतं तसतशी वाफ होण्याची गतीही मंदावते. हे त्याने स्वतः नाही सांगितलं, पण "बाहेरून ऊन आत येत असेल" इथपर्यंत तो आला होता.

याच टेबलावर उलटा प्रयोगही होतो. फ्रिजमधलं कोकम सरबत काचेच्या पेल्यात ओता. थोड्या वेळाने बाहेरून थेंब जमतात. लहान मुलं म्हणतात, पेला गळतोय. थेंब पांढऱ्या रुमालाला टिपून दाखवा, लाल डाग पडत नाही. ते पाणी हवेतलं. कोरड्या दुपारी थेंब कमी येतात, कूलर चालू असताना किंवा जूनमध्ये भरपूर. मडक्यात पाण्याची वाफ होते, पेल्यावर वाफेचं पाणी होतं, आणि मध्ये फक्त एक वीत अंतर.

मडक्याखाली खोल ताटली हवीच. मी पहिल्या दिवशी नुसत्या पॉलिशवर ठेवलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. मुलीला ओरखड्यांवरून ओरडणारी मी, सगळ्यात मोठा डाग माझाच.

फुलं, शेंगा, बिया

झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं गोळा करायचं, एवढा एकच नियम. सकाळी सात-साडेसातला फेरी मारली तर गुलमोहर आणि बहावा दोन्ही मिळतात. पितळेच्या वाटीत किंवा पसरट वाडग्यात पाण्यावर सोडले की झाली पसरट वस्तू. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी चार सारख्या आणि पाचवीवर पांढरे-पिवळे ठिपके असतात. ही पाचवी शोधायला सांगा, मुलं अर्धा तास हलत नाहीत. बहाव्यातले तीन पुंकेसर लांब आणि बाकदार असतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, बहावा आपला. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या त्याच वाडग्यात ठेवल्या तर त्या अंधार पडता पडता उमलतात, आणि कळी केव्हा उमलली ते कोण आधी बघतो यावर आमच्याकडे भांडणं झाली.

बिया-शेंगांसाठी संक्रांतीचं सुगड बाहेर काढा. चिंचोके, सीताफळाच्या बिया, धुऊन वाळवलेली आंब्याची कोय, जूनकडे निंबोळ्या. काटेसावरीचं बोंडही ठेवलं होतं, पण कूलर लावल्यावर ते फुटून सगळ्या हॉलभर कापूस झाला. तेव्हापासून हलक्या वस्तूंवर कवठ ठेवतो. कवठ दिसायलाही छान, आणि मन भरलं की चटणी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख, खडे, पानं, बिया हीच शैक्षणिक साधनं म्हणून वापरली, हे आपण डी.एड.ला वाचलेलं असतं. परीक्षेत लिहिलेलंही असतं.

हे टेबलावर नको

गुंजा नको. लाल-काळ्या, चकचकीत, कुणालाही भुरळ पडेल अशा दिसतात, पण अत्यंत विषारी असतात, चावलेली एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण लहानपणी खेळलो, त्याही विषारी, आणि लाल-पांढरी कण्हेरही. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर चिंचोक्याएवढं काहीच खाली ठेवू नये, ते घशात किंवा नाकात जातं.

पाण्याचं वाडगं आणि मडक्याखालची ताटली यांकडे नीट लक्ष द्या. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. वाडग्यातलं पाणी आम्ही रोज बदलतो, आणि आठवड्यातून एकदा भांडी आतून घासतो. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. ही जबाबदारी मुलीची आहे, रविवारची.

काचेचा गोल किंवा पाण्याने भरलेला काचेचा बरणीवजा गोळा थेट उन्हाच्या तिरिपेत ठेवू नये. तो भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो, कापड करपू शकतं.

मांडणी दर रविवारी बदलायची, तीनपैकी निदान एक वस्तू. काय काढायचं ते मूल ठरवतं, आपण फक्त ट्रेची जागा राखायची. एका छोट्या वहीत तारीख, वस्तू, कुठे मिळाली, काय बदल झाला, एवढंच लिहायचं. कोय कितव्या दिवशी सुकली, मडक्याचं वजन किती घटलं, मोगरा किती वाजता उमलला. निबंध मागू नका, मागितला की उत्साह जातो.

शाळा उघडली तेव्हा वर्गातल्या निम्म्याच मुलांनी वही आणली. त्या हंसवाल्या मुलाच्या वहीत चौदा नोंदी होत्या, ऱ्हस्व-दीर्घ जसेच्या तसे. हंस आता शोकेसमध्ये आहे म्हणाला. निंबोळ्यांना मुंग्या लागल्या म्हणून आई रागावली, ते सांगितलं. आणि पाहुणे आले तेव्हा मडक्याचं वजन त्यानेच करून दाखवलं, तेही.