पाल्याने पाला जळला, तर?



आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘पाला’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने आणि हिंदीत पाला म्हणजे थंडीत गोठलेले दव. जानेवारीत हा दुसरा पाला पहिल्या पाल्याला जाळतो. तेव्हा गुलाबाचे काय करावे, हा या अंकाचा पाठ आहे. आम्ही तो चूक करून शिकलो.

शाळेच्या फाटकाजवळच्या क्यारीत एका निवृत्त बाईंनी लावलेले सहा गुलाब होते. एका जानेवारीत सलग तीन रात्री पाला पडला. कळ्या काळवंडल्या, कोवळ्या शेंड्यांनी माना टाकल्या. २६ जानेवारीला पाहुणे येणार, क्यारी बरी दिसावी, म्हणून आम्ही दोन झाडे उपटवली. माळीबाबांनी उपटलेली फांदी नखाने खरडून दाखवली. आत हिरवे होते! झाडे परत लावली, पण ती धरली नाहीत. बाईंना हे सांगणे आम्हाला फार जड गेले. उरलेली चार मार्चअखेर फुलली.

असे का होते? थंड देशांत हिवाळ्यात गुलाब पाने गाळून विश्रांती घेतो. आपण मात्र ऑक्टोबरात छाटणी करून डिसेंबर ते मार्च फुले घेतो. म्हणजे ऐन थंडीत झाडावर कोवळी फूट असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री पानांतली उष्णता झपाट्याने निघून जाते. हवेचा पारा ३-४ अंशांवर असला तरी पान शून्याखाली जाऊ शकते. आतले पाणी गोठते, पेशी मरतात आणि पान काळे पडते. जुन्या, टणक फांद्या मात्र हे सहसा सोसतात.

झाडाची तपासणी अशी करावी :

१. घाई करू नये. लगेच छाटले तर नवी फूट येते आणि पुढच्या पाल्यात तीही जळते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबावे.

२. शेंड्याकडून खाली येत साल नखाने हलकेच खरडावी. आत हिरवे व ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडे असेल तर तेवढा भाग मेला आहे.

३. हिरवे लागेल तिथे, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. फांदीचा गाभा पांढरट दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापावे.

४. कलमाचा जोड पाहावा. जोडाच्या वरून आलेली फूट आपल्या गुलाबाची. जोडाखालून आलेली फूट खुंटाची, ती काढून टाकावी. जोडाच्या वर काहीच हिरवे उरले नसेल, तरच आपला गुलाब गेला असे समजावे.

५. थंडी सरल्यावरही फांदी वरून खाली काळी पडत असेल, तर तो पाला नव्हे, बुरशीचा रोग आहे. निरोगी भागापर्यंत कापून कापाला बोर्डो पेस्ट लावावी.

पुढच्या हिवाळ्यासाठी : पाल्याची शंका असेल त्या दिवशी सायंकाळी पाणी द्यावे, कारण ओली माती जास्त ऊब धरते. रात्री झाडावर गोणपाट घालावे, सकाळी काढावे. कुंड्या भिंतीलगत सरकवाव्यात. डिसेंबर-जानेवारीत युरिया देऊ नये, त्याने कोवळी फूट वाढते.

घरचा अभ्यास (इयत्ता ६ वी ते ८ वी) : घरच्या किंवा शेजारच्या एका गुलाबाच्या तीन फांद्या निवडा. शेंड्यापासून किती सेंटिमीटरवर हिरवे लागले, ते तारखेसह वहीत लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. शेजारचे झाड असेल तर आधी विचारा. आणि घरात कोणी ‘हे मेले, उपटून टाका’ म्हणाले, तर आधी नख लावून दाखवा.