चोर पाठमोरा झाला की

रविवार पेठेत खाली आमची सराफी पेढी, वर घर. पहाटे तीनच्या सुमाराला शटर उचकटल्याचा आवाज आला. गॅलरीतला दिवा लावून ओरडलो, तसे दोघं कटावणी टाकून मोटारसायकलकडे पळाले. माझ्या हातात परवान्याचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर होतं. पुतण्या म्हणाला, "मारा ना काका!" मी हललो नाही, तसा म्हणाला, "मग माझ्याकडे द्या." दिलं नाही. सकाळी पेठेत चेष्टा झाली: ते काय फक्त दसऱ्याला पूजेसाठी घेतलंय का?

चेष्टा करणाऱ्यांनीच नंतर एकेकटं गाठून विचारलं, की गोळी घालता आली असती का? नसती.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खाजगी बचावाची आहेत. मालमत्ता वाचवताना जीव घेण्याइतका बचाव कधी चालतो, ते कलम 41 सांगतं: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणं, किंवा जिवाची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी. रात्रीची घरफोडी यादीत बघून लोक खूश होतात आणि कलम 43 वाचायचं राहतं. घरफोडीविरुद्धचा हा हक्क घुसखोरी चालू असेपर्यंतच. चोर रस्त्यावर पळाला, की हक्क संपला. माल घेऊन पळत असेल तर पाठलाग करा, धरा, माल परत घ्या. त्यासाठी लागेल तेवढंच बळ वापरा. सोन्यासाठी पाठीत गोळी नाही. तोच उलटून कोयता घेऊन अंगावर आला, तर मात्र प्रश्न तुमच्या जिवाचा होतो आणि हिशेब बदलतो.

हे काही नवं नाही. 1962 साली 'जयदेव विरुद्ध पंजाब राज्य' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: समोरचे पळू लागले, भीती सरली, की बचावाचा हक्कही सरला. निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी.

आणि पुतण्याचं? परवाना माझ्या नावावर. त्याच्या हातून बार उडाला असता तर चोर राहिले बाजूला, शस्त्र कायद्याखाली आम्ही दोघं आरोपी.

चोर हाती लागलाच, तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. खांबाला बांधून चोपलात, तर फिर्यादीचे आरोपी व्हाल.

परवान्याबद्दलही विचारतात. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे. स्थानिक ठाण्याची चौकशी होते, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, धोका खरा आहे हे पटवावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. निवडणूक लागली, की शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. म्हणजे तेवढे आठवडे तुमची 'सुरक्षा' पोलिसांच्या कपाटात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला विचाराल तर नुसत्या पेढीसाठी या भानगडीत पडू नका. शस्त्राच्या पैशात शटरला मधलं कुलूप आणि सायरन बसवा, रात्रीचा रखवालदार ठेवा, दुकानाचा विमा वेळेवर भरा. चोर दिसलेच तर दिवे लावा, ओरडा, गाडीचा नंबर टिपा आणि 112 लावा.