परक्या जागी आपली माणसं

प्रश्न : वय ७२. मोडनिंबचं घर बंद करून पुण्यात वृद्धाश्रमात आले. मुलगा खर्च करतो, सोय उत्तम आहे. तरी परकं वाटतं. हा कृतघ्नपणा का?

उत्तर : नाही, ताई. घर सुटल्याचं दुःख आणि मुलाबद्दलची कृतज्ञता एकाच मनात नांदतात. मन मारून आभार मानू नका.

तुमचं मोडनिंब पंढरीच्या वाटेवरचं. हरिपाठ कानांत असणारच. तिन्हीसांजेला दोघी-तिघींना घेऊन तो सुरू करा. भाकरी थापणारे हात रिकामे बसलेत, हे मला जास्त खुपतं. व्यवस्थापकांना विचारून आठवड्यातून एकदा ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी करा. शेजारणीला तिचं गाव विचारा. फारच एकटं वाटलं, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर बोला. आषाढीआधी पालख्या पुण्यात मुक्कामी येतात. मुलाला म्हणावं, दर्शनाला ने, आणि शेजारणीलाही सोबत घ्या.