स्कोअरशीटवर न दिसणारा खेळ : ब्रूस बोवेन

गेल्या वर्षी आंतर-हाउस बास्केटबॉल स्पर्धेत मला संघात जागा मिळाली नाही, म्हणून स्कोअररच्या टेबलावर बसवले गेले. त्या दिवशी स्कोअरशीट मी पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच छोटे चौकोन असतात, ते फाउलचे. उजवीकडे धावती गुणसंख्या. ज्याने बास्केट केली त्याचा क्रमांक तिथे लिहायचा. बस्स, एवढेच. एखाद्याने चाळीस मिनिटे समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला चेंडूच मिळू दिला नाही, तर ते लिहायला त्या कागदावर जागा नाही. बचाव करणाऱ्याच्या नावापुढे पेन टेकते ते तो चुकला तरच.

हे मी आमच्या पीटी उस्तादांना म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "कॉम्प्युटर लॅबमध्ये जा आणि ब्रूस बोवेन कोण ते शोध." बोवेन २००९ मध्ये निवृत्त झाला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. मी नावदेखील ऐकले नव्हते. त्या शोधातून हा लेख तयार झाला आहे.

बोवेनचा जन्म १४ जून १९७१ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील मर्सेड या गावी झाला. शिक्षण फुलरटनच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची सर्वांत मोठी लीग म्हणजे एनबीए. तिथे दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये ५४ नावे पुकारली गेली. बोवेनचे नाव त्यांत नव्हते.

मग त्याने काय केले, तर बॅग भरली. फ्रान्समध्ये ल हाव्र आणि एव्रू या शहरांच्या संघांकडून खेळला. परत येऊन अमेरिकेतल्याच दुय्यम लीगमध्ये, रॉकफर्डसारख्या छोट्या शहरात खेळला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे. माझे बाबा फौजेत आहेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंकेवर नवे ठिकाण रंगवायचे, हे आमच्या घराला सवयीचे आहे. पण आमच्या बदलीचा निदान लेखी हुकूम येतो आणि पुढच्या ठिकाणी क्वार्टर मिळते. बोवेनसारख्या खेळाडूला पुढचे ठिकाण आहे की नाही हेच माहीत नसते.

१९९७ च्या मार्चमध्ये मायामीच्या संघाने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतले. एनबीएमध्ये असा करार खरोखर असतो. दहा दिवस बघतात, नाही पटले तर रामराम. त्या हंगामात तो एकाच सामन्यात, एकच मिनिट खेळला. त्या एका मिनिटाच्या नोंदीत गुण शून्य आहेत, पण एक ब्लॉक आहे, म्हणजे समोरच्याचा एक फटका त्याने हवेतच अडवला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पुढची दोन वर्षे बोस्टन, मग फिलाडेल्फिया. २००० मध्ये फिलाडेल्फियाने त्याला अदलाबदलीत शिकागोला दिले. शिकागोने एकही सामना न खेळवता मोकळे केले. मायामीने पुन्हा उचलले. तिथे प्रशिक्षक पॅट रायली यांनी त्याला नियमित खेळवले आणि २००१ मध्ये एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. त्याच वर्षी तो सॅन अँटोनियो स्पर्स या संघात गेला. वय ३०. बहुतेक खेळाडूंची उतरण ज्या वयात सुरू होते, तिथे त्याची खरी कारकीर्द सुरू झाली.

आपल्यासारख्यांनी लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट इथे आहे. स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच हे अमेरिकेच्या वायुदल अकादमीतून १९७० मध्ये बाहेर पडलेले आणि वायुदलात पाच वर्षे नोकरी केलेले. संघातला ज्येष्ठ खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन हा नौदल अकादमीचा पदवीधर. त्याला सगळे 'ॲडमिरल' म्हणत. नौदलातली दोन वर्षे पूर्ण केल्यावरच तो एनबीएत आला होता. अशा संघात "तू फक्त अडव, गुण दुसरे करतील" असे सांगितले तर वाईट वाटण्याचे कारण उरत नसावे. आमच्या डॉर्ममध्ये मात्र असे कोणी सांगितले तर दोन दिवस अबोला होतो.

आता तो अडवत कसा असे ते सांगतो, कारण मला सर्वांत जास्त वेळ तेच समजून घ्यायला लागला. बोवेनची उंची ६ फूट ७ इंच. आपल्याला ती ताडमाड वाटते, पण एनबीएत ती मधलीच. तो फार उंच उडत नसे. त्याचे काम पायांत होते. गुडघे वाकवायचे, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवायचे, वजन चवड्यांवर घ्यायचे आणि पाय एकमेकांना न भिडवता बाजूला सरकत राहायचे. उस्ताद सांगतात की समोरच्याच्या चेंडूकडे किंवा डोळ्यांकडे बघू नका, कमरेकडे बघा. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर ज्या दिशेला वळते तिकडेच माणूस जातो. ही मुद्रा धरून मी पहिल्यांदा कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इनला जिना उतरताना मांड्या थरथरत होत्या.

पण बोवेनचे अर्धे काम समोरच्याकडे चेंडू येण्याआधीच झालेले असे. नेमबाजाला त्याच्या आवडत्या जागी चेंडू मिळू द्यायचा नाही. दोन पावले बाहेर, तोल नसताना मिळाला पाहिजे. दुसऱ्या संघाचा एखादा धिप्पाड खेळाडू वाटेत खांबासारखा उभा राहतो, त्याला 'स्क्रीन' म्हणतात. त्याच्या कडेने अंग चोरून निघायचे आणि आपला माणूस सुटू द्यायचा नाही. इतके करूनही चेंडू मिळालाच, तर त्याला अशा बाजूला ढकलत न्यायचे की जिथे मागे टिम डंकन उभा आहे. म्हणजे बोवेनला प्रत्येक वेळी चेंडू हिसकावायचा नसे. समोरच्याने अवघड ठिकाणाहून, हात डोळ्यांपुढे असताना, घाईत फेकावे, एवढेच त्याला हवे असे. याचे गुण मिळत नाहीत. २००४-०५ च्या हंगामापासून एनबीएने हाताने अडवण्याविरुद्धचा नियम कडक केला. पहिल्या सर्वोत्तम बचाव संघात बोवेनची निवड २००४ ते २००८ अशी सलग पाच वेळा झाली, त्यांतल्या चार त्या बदलानंतरच्या आहेत. म्हणून मी म्हणतो की त्याचे काम पायांत होते. त्या काळी ही निवड संघांचे प्रशिक्षक करत आणि त्यांना स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नसे. जे स्कोअरशीटवर दिसत नव्हते ते त्याच्याविरुद्ध डावपेच आखणाऱ्यांना दिसत होते.

गुण त्याने अगदीच केले नाहीत असे नाही. संपूर्ण कारकीर्दीची सरासरी सामन्याला ६.१ गुण. संघात टिकायचे तर आक्रमणातही काहीतरी यायला हवे, म्हणून त्याने एकच फटका घोटला. तीन गुणांची रेषा एनबीएत समोरून पावणेचोवीस फुटांवर असते, पण कोपऱ्यात ती २२ फुटांवरच येते. बोवेन त्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. २००२-०३ च्या हंगामात तीन गुणांच्या फटक्यांत ४४.१ टक्के यश मिळवून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात फ्री थ्रोमध्ये, म्हणजे १५ फुटांवरून आणि समोर कोणीही नसताना, त्याचे यश ४०.४ टक्के होते! हे आकडे मी गणिताच्या सरांना दाखवले, तर ते म्हणाले, "उतरवून घेताना उलटे लिहिलेस."

स्पर्सबरोबर त्याने २००३, २००५ आणि २००७ अशी तीन विजेतेपदे मिळवली. २००७ च्या अंतिम फेरीत समोर क्लीव्हलँडचा २२ वर्षांचा लेब्रॉन जेम्स होता. त्या हंगामात त्याची सरासरी २७.३ गुणांची होती. अंतिम फेरीत ती २२ वर आली आणि त्याचे १०० तले ३६ फटकेही बास्केटमध्ये गेले नाहीत. स्पर्सने ४-० ने मालिका घेतली. लेख लिहिताना सगळे श्रेय बोवेनला देण्याचा मोह होतो, पण मागे डंकन होता आणि पाचही जण मिळून अडवत होते.

इथे लेख संपवला असता तर मला सोपे गेले असते.

बोवेनवर अनेक खेळाडूंचा राग होता. नेमबाज उडी मारून फटका मारतो, तेव्हा बचाव करणारा हात उंचावून धावत येतो. याला 'क्लोज-आउट' म्हणतात. बोवेनचा पाय नेमका तिथे येतो जिथे नेमबाज उतरणार असतो, अशी तक्रार व्हिन्स कार्टरसारख्यांनी केली. दुसऱ्याच्या पायावर उतरले की घोटा मुरगळलाच. वॉली झर्बियाकच्या तोंडावर त्याची लाथ बसली होती. बोवेन सलग ५०० सामने खेळला, एकही चुकवला नाही. ही मालिका २००८ च्या मार्चमध्ये तुटली ती दुखापतीने नव्हे, तर ख्रिस पॉलला लाथ मारल्याबद्दल झालेल्या एका सामन्याच्या बंदीने. आपण मुद्दाम काही केले नाही, असे तो म्हणत राहिला.

पुढे २०१७ मध्ये स्पर्सचाच कवाय लेनर्ड असाच एका विरोधी खेळाडूच्या पायावर उतरला आणि जायबंदी झाला. पोपोविच भयंकर संतापले. तेव्हा लोकांनी त्यांना बोवेनची आठवण करून दिली. त्यानंतरच्या हंगामापासून एनबीएने पंचांना असा फाउल अधिक गंभीर ठरवण्याची मुभा दिली. नियम मुळात साधा आहे : जो हवेत आहे त्याला खाली उतरण्याची जागा मिळालीच पाहिजे.

हे सगळे मी या वर्षीच्या उपान्त्य सामन्याच्या आधी वाचले होते. या वर्षी मी संघात होतो आणि माझ्याकडे एकच काम होते : दुसऱ्या हाउसच्या कॅप्टनला अडवणे. ते बारावीत आहेत, त्यांना मी भैया म्हणतो. इथे सीनियरला सगळे भैयाच म्हणतात, मग तो कोल्हापूरचा असो की कोहिमाचा. आदल्या रात्री लाइट्स आउटनंतर मी मनात ठरवले होते की त्यांना कोपऱ्यात सुखाने उडी मारू द्यायची नाही, खाली उतरताना त्यांना धास्ती वाटली पाहिजे. नक्की काय करायचे हे ठरवले नव्हते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना कोपऱ्यात चेंडू मिळाला. मी हात वर करून धावलो. ते उतरले तेव्हा माझा उजवा पाय त्यांच्या पायाखाली होता.

शिट्टी झाली. माझ्या नावापुढच्या चौकोनात एक खूण पडली. भैयांना दोघांनी खांदा देऊन एमआय रूममध्ये नेले. सामना आम्ही जिंकलो. रात्री डॉर्ममध्ये एकाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "एकदम बोवेन!" महिनाभर मीच सगळ्यांना त्याच्या गोष्टी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रेपच्या आधी मी एमआय रूममध्ये गेलो. घोटा सुजून पांढऱ्या पट्टीत होता. भैयांनी विचारले, "मुद्दाम केलंस?" मी म्हणालो, "नाही." मग थोड्या वेळाने म्हणालो, "माहीत नाही, भैया." ते म्हणाले, "मग बघ एकदा नीट आठवून." मी आठवून पाहिले, अजून पाहतो. धावत आलो ते आठवते, चेंडू सुटलेला आठवतो, पाय आठवत नाही.

उस्तादांना मी सगळे सांगितले, आदल्या रात्रीचेही. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चुन्याचा डबा आणला आणि कोपऱ्यात, नेमबाज जिथे उभा राहतो तिथून हातभर अलीकडे एक रेघ मारली. आता रोज संध्याकाळी खेळाच्या तासानंतर मी पन्नास वेळा हात उंचावून धावत येतो आणि रेघेच्या आत थांबतो. थांबलो की नाही हे कोणाला विचारावे लागत नाही, चुना बुटाला लागतो. काल अठ्ठेचाळीस वेळा थांबलो, दोनदा रेघ पुसली गेली. भैया कोर्टच्या कडेला खुर्ची घेऊन बसले होते. घोटा अजून पट्टीत आहे, पण पुढच्या आठवड्यापासून नेमबाजाच्या जागी ते स्वतः उभे राहणार आहेत.